थिंकपॅड एक्स२३० वर कोअरबूट: अडवलेली वायफाय कार्डं, बॅटरी आणि फर्मवेअर बदलण्याच्या नोंदी

थिंकपॅड एक्स२३० हा लॅपटॉप २०१२ सालचा. त्याच्या मूळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, वायफाय कार्डांची एक ठरावीक यादी आहे. यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरू होतानाच १८०२ क्रमांकाचा एरर येतो, अनधिकृत नेटवर्क कार्ड काढा असं पडद्यावर दिसतं आणि गाडी पुढे सरकत नाही. स्लॉट मिनी पीसीआय एक्स्प्रेसचा आहे, कार्ड त्याच मापाचं आहे, व्होल्टेजही तेच आहे. अडवणूक होते ती फक्त सॉफ्टवेअरमधल्या तुलनेमुळे. ती तुलना कार्ड बनवणाऱ्याच्या क्रमांकावर थांबत नाही, उपक्रमांकसुद्धा जुळावा लागतो. म्हणून अगदी त्याच चिपचं कार्ड दुसऱ्या ब्रँडच्या लॅपटॉपमधून काढून इथं लावलं तरी नाकारलं जातं.

या यादीसकट मूळ फर्मवेअर काढून टाकायचं, त्याच्या जागी कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर बसवायचं आणि इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनाचा, म्हणजे चिपसेटमधल्या एमई या स्वतंत्र प्रोसेसरच्या फर्मवेअरचा, जेवढा कापता येईल तेवढा भाग कापायचा, असं हे काम आहे. हेच काम हाती घेणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून जे बिघडलं ते सविस्तर लिहिलं आहे आणि जे सुरळीत झालं ते थोडक्यात.

६ ऑक्टोबर

आज स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही, फक्त कामाचा क्रम ठरवला. हा क्रम चुकला तर नंतर दुरुस्त करणं फार महागात पडतं.

या मशीनमध्ये अडवणूक दोन वेगळ्या ठिकाणी आहे. वायफाय कार्डांची यादी मुख्य फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये. बॅटरी ओळखण्याची तपासणी मात्र एम्बेडेड कंट्रोलरमध्ये, म्हणजे ईसीमध्ये. हा कीबोर्ड, पंखा आणि चार्जिंग सांभाळणारा वेगळा कंट्रोलर आहे आणि त्याचं फर्मवेअरही वेगळं. कोअरबूट त्याला हात लावत नाही. पर्यायी बॅटरी लावली तर ईसी ती चार्ज करायला नकार देतो, आणि कोअरबूट आल्यावरही तो नकार तसाच राहतो.

ईसीचं फर्मवेअर बदलायची सोपी वाट मूळ फर्मवेअरच्या अपडेट प्रोग्रॅममधूनच जाते. कोअरबूट बसवलं की ती वाट बंद. त्यामुळे आधी ईसी, मग कोअरबूट. उलट केलं तर ईसीसाठी सगळं पुन्हा मूळ फर्मवेअरवर न्यावं लागेल.

७ ऑक्टोबर

ईसीसाठी ‘थिंकपॅड-ईसी’ हे मुक्त साधन वापरलं. ते मूळ अपडेटची प्रतिमा (पूर्ण फाइल) घेतं, तिच्यातला ईसीचा भाग उलगडतं, पॅच (कोडमधला छोटा बदल) लावतं आणि पेनड्राइव्हवर लिहिण्याजोगी नवी प्रतिमा बनवतं.

पहिली प्रतिमा वाया गेली. हे साधन कीबोर्डचा पॅच आपणहून लावतं (जुना सात ओळींचा कीबोर्ड बसवता यावा म्हणून), पण बॅटरीचा पॅच मुद्दाम चालू करावा लागतो. तो चालू न करता प्रतिमा बनवली, लिहिली, मशीन सुरू केलं, आणि पर्यायी बॅटरी होती तशीच नाकारली गेली. बॅटरीचा पॅच चालू करा, आधीचं अर्धवट बिल्ड साफ करा, मग नव्यानं बनवा. साफ करायचं राहिलं तर जुन्याच फाइल वापरल्या जातात.

दुसरी अडचण जास्त त्रासदायक. अपडेट प्रोग्रॅम सुरू व्हायला चार्जर हवा आणि बॅटरीतही पुरेसा चार्ज हवा. पण पर्यायी बॅटरी चार्जच होत नाही, आणि ती चार्ज व्हावी म्हणूनच तर हा पॅच लावायचा आहे. यावर उपाय एकच: एवढ्या कामापुरती मूळ बॅटरी कुणाकडून तरी मागून आणणं. जुनी, अर्धमेली असली तरी चालते, मशीननं ती स्वीकारली आणि चार्ज दाखवला म्हणजे झालं. हे आधी माहीत असेल तर सगळं तासाभरात उरकतं. नसेल तर दिवस जातो.

सेटअपमध्ये फर्मवेअरला जुन्या आवृत्तीवर जाऊ न देणारा पर्याय असतो, तो आधी बंद करावा. मूळ फर्मवेअरची आवृत्ती जितकी नवी तितकी मागे जायची वाट अरुंद, म्हणून ‘आधी सगळं अद्ययावत करून घेऊ’ ही नेहमीची चांगली सवय इथं आवरायची.

ईसी लिहून झालं. पर्यायी बॅटरी चार्ज होते आहे.

११ ऑक्टोबर

प्रोग्रॅमरची, म्हणजे चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाची निवड. फ्लॅश चिप बाहेरून वाचायची आणि लिहायची, कारण मूळ फर्मवेअर आतून लिहू देत नाही.

सगळीकडे सहज मिळतो तो काळ्या बोर्डचा सीएच३४१ए. मल्टीमीटर लावून पाहिलं: चिपला पुरवठा ३.३ व्होल्टचा, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट. कारण सरळ आहे, बोर्डवरचा मुख्य आयसीच ५ व्होल्टवर चालतो. एक्स२३० च्या फ्लॅश चिप ३.३ व्होल्टच्या आहेत, आणि चिपच्या पिना पकडणारी क्लिप लावल्यावर त्याच तारा चिपसेटपर्यंतही पोचतात. ‘आमचं तर झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तरीही हा धोका पत्करू नये. हा बोर्ड बाजूला ठेवला, त्याच्यावरचा खर्च वाया.

त्याऐवजी रास्पबेरी पाय पिको. त्याच्या सगळ्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. बूटसेलचं बटण दाबून धरून यूएसबीला जोडला की तो ड्राइव्हसारखा दिसतो. त्यावर ‘पिको-सरप्रॉग’ची फाइल टाकली की प्रोग्रॅमर तयार.

जोडणी अशी. चिपवर कोपऱ्यात ठिपका असतो, तिथली पिन १. तिथून घड्याळाच्या उलट दिशेनं मोजायचं.

चिपची १ (सिलेक्ट) पिकोच्या पिन ७ ला, २ (डेटा बाहेर) पिन ६ ला, ५ (डेटा आत) पिन ५ ला, ६ (क्लॉक) पिन ४ ला, ४ (ग्राउंड) पिन ३८ ला आणि ८ (पुरवठा) पिन ३६ ला. हे पिकोच्या बोर्डवरच्या पिनांचे क्रमांक आहेत, जीपीआयओचे नाहीत. या दोन्हींत गल्लत झाली की चिप सापडत नाही आणि संशय उगाच क्लिपवर जातो. चिपच्या ३ आणि ७ मोकळ्या ठेवल्या, त्या मदरबोर्डवरच जोडलेल्या असतात.

१२ ऑक्टोबर

मशीन उघडलं. बॅटरी काढली, चार्जर काढला. तळाचे कीबोर्ड आणि पामरेस्टचे स्क्रू काढले (त्यांच्याजवळ खुणा छापलेल्या आहेत), कीबोर्ड पडद्याच्या दिशेनं सरकवून उचलला, पट्टी सोडवली, पामरेस्ट काढला. घड्याळाचा छोटा सेलही सोडवला. तो राहिला तर बोर्डचा काही भाग जिवंत राहतो.

चिप दोन आहेत, काळ्या फिल्मखाली. पडद्याच्या बाजूची ४ एमबी, तिच्या खालची, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूची, ८ एमबी. मूळ फर्मवेअर या दोन्हींत मिळून १२ एमबीचं आहे.

१३ ऑक्टोबर

सगळा दिवस वाचण्यात गेला. या कामात सर्वांत जास्त वेळ इथंच जातो, म्हणून सविस्तर.

४ एमबीची चिप लगेच ओळखली गेली. ८ एमबीची ओळखलीच जाईना. कधी फ्लॅशरॉम हा चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅम ‘चिप सापडली नाही’ म्हणे, कधी भलत्याच कंपनीची चिप दाखवे. कारणं एकेक करून बाजूला काढली.

पहिलं, क्लिप. स्वस्त क्लिपचे दात पसरतात आणि आठांपैकी एखादी पिन हवेत राहते. लावल्यावर भक्कम वाटते, पण तार जराशी हलली की संपर्क जातो. पोमोना ५२५० ही चांगली क्लिप लावल्यावर हा प्रश्न संपला. या कामात जिथं पैसे वाचवू नयेत अशी वस्तू हीच.

दुसरं, पिनांवरचा थर. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशनं पिना पुसल्यावर ओळख बरीच स्थिर झाली.

तिसरं, तारांची लांबी. सुरुवातीच्या तारा वीतभर लांब होत्या. त्या निम्म्यापेक्षा कमी केल्या आणि क्लॉकच्या तारेला ग्राउंडच्या तारेबरोबर पीळ दिला. वेगही उतरवला, फ्लॅशरॉमला एसपीआयचा (चिपशी बोलण्याच्या तारांचा) वेग सांगता येतो. वेग कमी केल्यानं वाचायला वेळ लागतो, पण चुकीचं वाचण्यापेक्षा तो परवडतो.

चौथं, पुरवठा. क्लिपमधून दिलेले ३.३ व्होल्ट फक्त चिपला मिळत नाहीत, बोर्डचा काही भागही ते ओढतो. पिकोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरून ३०० मिलिअँपिअरच्या पुढे घेऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. पुरवठ्याची तार पातळ किंवा सैल असली तर चिपपाशी व्होल्टेज पडतं. मल्टीमीटर चिपच्या पिन ८ वर धरून मोजा, पिकोवर नको.

चिप ओळखली गेल्यावर फ्लॅशरॉमनं एकाऐवजी सारखी दिसणारी दोन-तीन नावं दाखवली आणि पुढे जाईना. हा बिघाड नाही. एकाच ओळख-क्रमांकाची मॉडेलं असतात. चिपवर छापलेलं नाव भिंगातून वाचून नेमकं मॉडेल आदेशात द्यायचं.

१४ ऑक्टोबर

बॅकअप. प्रत्येक चिप निदान तीनदा वाचायची, मध्ये क्लिप काढून पुन्हा लावायची आणि प्रत्येक फाइलची एसएचए२५६ ही तपासणीची बेरीज जुळवायची.

पण नुसती बेरीज जुळली म्हणून विसंबू नका. क्लिप नीट बसली नसेल तर फाइलमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच बाइट भरलेला येतो, आणि असं तीनदा झालं तरी तिन्ही बेरजा छान जुळतात. म्हणून फाइल हेक्स दर्शकात उघडून पाहायची. ओळखीची अक्षरं दिसायला हवीत. दुसरी खात्री: ८ एमबीच्या फाइलवर ‘एमई क्लीनर’ हे एमई कापणारं साधन नुसतं तपासणीपुरतं चालवा. तो एमईच्या भागाची आरएसए सही तपासतो आणि ती वैध असल्याचं सांगतो. सहीखाली येणाऱ्या भागात एक बिट इकडचा तिकडे झाला असेल तर सही जुळणार नाही.

दोन्ही फाइल जोडून १२ एमबीची एक केली, ८ आधी, ४ नंतर. ती ‘आयएफडीटूल’ या साधनानं उलगडली की चार भाग मिळतात: फ्लॅशचे भाग आणि त्यांच्या परवानग्या नोंदवणारा डिस्क्रिप्टर (४ केबी), नेटवर्कचा जीबीई भाग (८ केबी), एमई (५ एमबीला थोडं कमी) आणि ७ एमबीचा बायॉस. शेवटच्या ७ पैकी ३ एमबी मोठ्या चिपच्या टोकाला आहेत आणि ४ एमबी छोट्या चिपमध्ये. ही मांडणी कागदावर काढून समोर ठेवा. पुढे उपयोगी पडते.

जीबीईच्या भागात त्याच मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक, आहे. कुणीतरी तयार करून दिलेली पूर्ण प्रतिमा आंधळेपणानं लिहिली तर त्याच्या मशीनचा पत्ता आपल्या मशीनला लागतो. स्वतःच्या बॅकअपमधून काढलेला भागच वापरावा. बॅकअपच्या प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. ही फाइल गेली तर परतीचा रस्ता गेला.

१८ ऑक्टोबर

कोअरबूटचं बिल्ड. आधी त्याची स्वतःची टूलचेन, म्हणजे कंपायलर वगैरे साधनांचा संच, बांधावी लागते. मशीनच्या ताकदीप्रमाणे तिला बराच वेळ लागतो, ती मोठ्या डेस्कटॉपवर केलेली बरी.

टूलचेन पहिल्यांदा विनातक्रार बांधली गेली, पण पडदा सुरू करणाऱ्या भागाशी बिल्ड अडलं. कारण: मुक्त ग्राफिक्स सुरुवात करून देणारं ‘लिबजीएफएक्सइनिट’ ॲडा भाषेत लिहिलं आहे. संगणकावर आधीच ॲडाचा कंपायलर, म्हणजे नॅट, नसेल तर टूलचेन तो भाग गुपचूप सोडून देते. नॅट बसवला आणि टूलचेन मुळापासून पुन्हा बांधली. नॅटची आवृत्ती संगणकावरच्या जीसीसीच्या आवृत्तीशी जुळती हवी.

एक्स२३० सारखं मशीन निवडण्याचं कारण इथं दिसतं. या पिढीसाठी, म्हणजे आयव्ही ब्रिजसाठी, मेमरी सुरू करून देणारा कोड कोअरबूटच्या लोकांनी हार्डवेअरचं वागणं अभ्यासून स्वतः लिहिला आहे. इंटेलचा बंद तुकडा त्यासाठी लागत नाही आणि ग्राफिक्ससाठीही लागत नाही. नंतरच्या बहुतेक पिढ्यांत मेमरीसाठी इंटेलचा बंद भाग घ्यावाच लागतो.

सेटिंगमध्ये मशीन एक्स२३०, रॉमचं माप १२ एमबी, कोअरबूटच्या फाइल-व्यवस्थेचं माप बायॉस भागाइतकंच, ७ एमबी. त्याहून मोठं दिलं तर बिल्ड थांबतं. डिस्क्रिप्टर, एमई आणि जीबीईच्या फाइलींचे पत्ते दिले. पेलोड, म्हणजे कोअरबूटनंतर चालून डिस्कवरची प्रणाली सुरू करणारा प्रोग्रॅम, सीबायॉस.

१९ ऑक्टोबर

एमई कापणं. हा चिपसेटमधला स्वतंत्र प्रोसेसर. मुख्य प्रोसेसर सुरू होण्याआधी तो जागा होतो, त्याचं फर्मवेअर फक्त इंटेलच्या सहीचं चालतं, आणि मालकाला ते वाचायची किंवा बदलायची मुभा नाही. पूर्ण पुसलं तर मशीन साधारण ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतं. त्यामुळे पुसायचं नाही, सुरुवातीला लागणारे तुकडे ठेवून बाकीचं काढायचं.

एमई क्लीनर मोठ्या एस अक्षराच्या पर्यायासह चालवला. त्यानं जवळजवळ ५ एमबीमधून साधारण ९० केबी कोड ठेवला आणि डिस्क्रिप्टरमध्ये एमईला सुरुवातीनंतर थांबायला सांगणारा बिट लावला. छोटा एस दिला तर नुसता बिट लागतो, कोड तसाच राहतो.

डिस्क्रिप्टर आयएफडीटूलनं मोकळा केला. मुळात त्यात प्रोसेसरला एमईचा भाग वाचायची आणि डिस्क्रिप्टर बदलायची मनाई लिहिलेली असते. ही पायरी गाळली तर पुढच्या प्रत्येक बदलासाठी मशीन पुन्हा उघडावं लागेल.

संध्याकाळी दोन्ही चिप लिहिल्या. फ्लॅशरॉमनं दोन्हींसाठी पडताळणी बरोबर असल्याचं सांगितलं. चार्जर लावला, बटण दाबलं. पडदा काळा. बराच वेळ थांबूनही काळाच.

२० ऑक्टोबर

कारण सापडलं: १२ एमबीची फाइल चुकीच्या जागी कापली गेली होती. पहिले ४ एमबी छोट्या चिपसाठी आणि उरलेले ८ मोठ्या चिपसाठी असे तुकडे पडले होते. हवं होतं नेमकं उलट: पहिले ८ मोठ्या चिपला, शेवटचे ४ छोट्या चिपला.

हा घोटाळा पकडला का जात नाही, ते ध्यानात घ्या. दोन्ही तुकड्यांची मापं चिपच्या मापांशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे फ्लॅशरॉम तक्रार करत नाही. पडताळणी म्हणजे फाइलमध्ये आहे तेच चिपमध्ये उतरलं का एवढंच. फाइल बरोबर आहे का, हे ती सांगू शकत नाही. डिस्क्रिप्टर मोठ्या चिपच्या सुरुवातीला हवा, तो पडला छोटीत. प्रोसेसर पहिली सूचना वाचतो ती जागा १२ एमबीच्या अगदी टोकाला, म्हणजे छोट्या चिपच्या शेवटी असते, तिथं पोचलं भलतंच.

लिहिण्याआधी एक सोपी तपासणी करता येते: मोठ्या चिपसाठी केलेल्या तुकड्यावर आयएफडीटूल चालवा. डिस्क्रिप्टर सापडला तर कापणी बरोबर.

तुकडे नीट करून पुन्हा लिहिले. बटण दाबलं, पडदा थोडा वेळ काळा राहिला, मग सीबायॉसची ओळ आली. पहिल्या वेळी मेमरीची जुळणी करायला वेळ लागतो. तिचा निकाल फ्लॅशमध्ये साठवला जातो, म्हणून पुढच्या वेळा झटपट. पहिल्या वेळी घाबरून बटण दाबून बंद करू नका.

२१ ऑक्टोबर

सीबायॉस येतं, पण डिस्कवरचं लिनक्स सुरू होत नाही. ‘बूट करण्याजोगं साधन नाही’ एवढंच.

डिस्क ठीक आहे. लिनक्स मूळ फर्मवेअरवर यूईएफआय पद्धतीनं बसवलेलं होतं, आणि सीबायॉस जुन्या बायॉस पद्धतीनं बूट करतं. पुन्हा सगळं बसवायची गरज नाही. जीपीटी डिस्कवर पहिलं पार्टिशन बहुधा २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे ३४ ते २०४७ हे सेक्टर रिकामे असतात. तिथं बायॉस बूट प्रकारचं छोटं पार्टिशन केलं, पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) बायॉस आवृत्ती डिस्कवर बसवली, झालं. पेनड्राइव्हवरून बूट करायला सुरुवातीला एस्केप दाबलं की यादी येते.

ज्यांना यूईएफआयच हवं त्यांनी पेलोड म्हणून ईडीके२ घ्यावा.

२२ ऑक्टोबर

ज्यासाठी हा खटाटोप केला ते कार्ड बसवलं: अथेरॉस एआर९२८० चिपचं. निवडीचं कारण म्हणजे लिनक्समधल्या ‘एथ९के’ ड्रायव्हरला या कार्डासाठी वेगळी बंद फर्मवेअर फाइल लागत नाही. मूळ यादीतल्या इंटेलच्या कार्डांना ती लागते. म्हणजे आजवर ज्या कार्डाला बंदी होती, तेच मालकाच्या हातात जास्त मोकळीक देणारं.

मशीन सुरू झालं. १८०२ नाही, कुठलीच अडवणूक नाही. कार्ड पीसीआयच्या यादीत दिसलं, पण रेडिओ ‘हार्डवेअरनं बंद’ दाखवत होता. आधी लॅपटॉपच्या बाजूची वायफायची सरकती कळ पाहा. उघडताना आणि बंद करताना ती हमखास सरकते. कळ चालू असूनही हाच संदेश येत असेल तर कोअरबूटच्या सीमॉस सेटिंगमधला वायफायचा पर्याय ‘एनव्हीरॅमटूल’नं तपासा. इथं कळच सरकली होती.

२६ ऑक्टोबर

रोजच्या वापरात तपासणी. ३० मिनिटांची मर्यादा ओलांडून मशीन तासन्‌तास चालू राहिलं, म्हणजे एमईचा ठेवलेला भाग पुरेसा आहे. ही चाचणी मशीन पुन्हा पूर्ण जोडण्याआधी, पामरेस्टचे स्क्रू लावण्याआधी करावी. झोपवून पुन्हा उठवणं, पंखा, उजेडाच्या कळा, ट्रॅकपॉइंट, सगळं ठीक. तारेच्या नेटवर्कचा मॅक पत्ता तळाच्या लेबलाशी जुळवला.

काय अजून बंद आहे तेही नोंदवतो. ईसीचा कोड बंदच आहे, त्याला फक्त पॅच लागला. एमईचे उरलेले ९० केबी बंद आहेत. प्रोसेसरचा मायक्रोकोड इंटेलचाच.

२ नोव्हेंबर

यानंतरच्या पिढीतल्या एका लॅपटॉपवर हेच करता येईल का, ते पाहिलं. उत्तर नाही असं आलं.

२०१३ च्या हॅसवेल पिढीपासून इंटेलनं बूट गार्ड आणलं. उत्पादक आपल्या सार्वजनिक किल्लीचा हॅश कारखान्यातच चिपसेटच्या फ्यूजमध्ये जाळून टाकतो. मशीन सुरू होताना फर्मवेअरचा पहिला भाग त्या किल्लीच्या सहीचा आहे का ते पाहिलं जातं. नसेल तर, उत्पादकानं तसं ठरवलं असेल तर, मशीन सुरूच होत नाही. फ्यूज एकदा जळला की परत जुळत नाही. क्लिप कितीही चांगली असली, फाइल कितीही अचूक कापली तरी इथं उपयोग नाही.

काम सुरू करण्याआधी कोअरबूटबरोबर येणारं ‘इंटेलएमईटूल’ बूट गार्डची स्थिती वाचून दाखवतं. लॅपटॉप उघडण्याआधी ते चालवा. सहीची सक्ती दिसली तर तिथंच थांबा. काही उत्पादक हे फ्यूज मुद्दाम मोकळे ठेवतात, आणि कोअरबूटसह लॅपटॉप विकणारे त्यांच्यातच मोडतात.

याला सुरक्षेचं कारण दिलं जातं, आणि फर्मवेअरमध्ये कुणी परस्पर बदल करू नये ही गरज खरी आहे. पण कुलूप असणं आणि किल्ली मालकाकडे नसणं या दोन निराळ्या गोष्टी. यूईएफआयच्या सिक्युअर बूटमध्ये मालकाला स्वतःच्या किल्ल्या भरता येतात. सुरुवातीच्या क्रोमबुकांमध्ये फ्लॅशवर लिहिण्याची बंदी एका स्क्रूनं घातलेली होती: लांबून हल्ला करणाऱ्याला तो काढता येत नाही, मशीन उघडून बसलेल्या मालकाला येतो. संरक्षण तेवढंच राहून मालकी शाबूत राहू शकते, हे या दोन रचनांनी दाखवलं आहे. बूट गार्डमध्ये विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली कायमची विकणाऱ्याकडे राहते, आणि त्यानं अपडेट देणं थांबवलं की फर्मवेअरमधली भोकं बुजवायला कुणालाच वाव उरत नाही.

९ नोव्हेंबर

कोअरबूटची नवी आवृत्ती यावेळी मशीन न उघडता घातली. डिस्क्रिप्टर मोकळा असल्यानं फ्लॅशरॉमच्या ‘इंटर्नल’ पद्धतीनं आतूनच लिहिता येतं. पहिल्यांदा मेमरी वाचायची परवानगी नाही अशी चूक आली. कर्नलच्या सुरुवातीच्या आदेशात ‘आयओमेम’ची मर्यादा सैल करणारा पर्याय घातला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि लिहिलं गेलं. काम झाल्यावर तो पर्याय काढून टाका, रोजच्या वापरात तो नको.

आतून लिहिताना पूर्ण १२ एमबी लिहू नका. फ्लॅशरॉमला डिस्क्रिप्टरप्रमाणे भाग ओळखायला सांगा आणि फक्त बायॉसचा भाग लिहा, पडताळणीही त्याच भागाची. एमई आणि जीबीईला हात लागत नाही, आणि मध्येच वीज गेली तरी दुरुस्तीला फक्त बायॉसचा भाग उरतो. तशी वेळ आली तर पिको, क्लिप आणि १४ ऑक्टोबरचा बॅकअप लागेल, म्हणून तिन्ही एकाच डब्यात ठेवून वर पिनांची जोडणी लिहिलेला कागद चिकटवला आहे.